पांढरा धूर

नव्वदीच्या मधलं वर्ष असेल ते. मी तेव्हा बंगळूरला, जयनगरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. कंपनी म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला, दहा-बारा कॉम्प्युटर आणि दाराशी मी. फोन घ्यायचे, टायपिंग करायचं, कुरियर आलं की सही करायची. साहेब पुण्याहून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काहीतरी मागितलं आणि मी सवयीनं म्हणाले, "स्वल्प थांबा हं, देते." ते खुर्चीतून वळून माझ्याकडे बघतच राहिले. आमचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलं, घरी मराठीच बोलतो पण तिच्यात ‘स्वल्प’सारखं निम्मं कन्नड शिरलंय, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी मराठीतच बोलायचे आणि माझ्यावर जरा जास्तच विश्वास टाकायचे.

म्हणून तर मी फसले. कंपनीनं इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठी जागा घेतली. सामान रविवारी हलवायचं होतं, कारण सोमवारी सकाळी परदेशी गिऱ्हाईक नव्या जागेत येणार होतं. साहेब ट्रान्सपोर्टवाला शोधत होते आणि मी बोलून गेले, "आमची लॉरी आहे की."

लॉरी होती, हे खरं. पण त्या घडीला ती म्हैसूर रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उघडी पडलेली होती. इंजिन ठोकळ्यांवर, पिस्टन एका पाटीत, बाकीचं जिकडेतिकडे.

अण्णांची लॉरी ती. अण्णा म्हणजे माझे वडील. विशीपासून त्यांनी लॉरीच चालवली. आदल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा सावरला, बोलणं सावरलं, पण डाव्या हाताची बोटं पुरती मिटेनात. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. मग एक ड्रायव्हर ठेवला. त्यानं घाटात रेडिएटरचं पाणी न बघता गाडी दामटली आणि इंजिन जाळून आणलं. दुसऱ्याच आठवड्यात तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर गेला.

शेडचे मेस्त्री अण्णांचे जुने. अण्णांच्या पहिल्या लॉरीपासून हेच हात. दाढी मेंदीनं लाल केलेली, बोलणं दख्खनी, आणि तेही मोजकं. तीन आठवडे त्यांनी ते इंजिन बांधलं. लायनर-पिस्टन नवे, हेड घासून आणलेलं, सगळे बेअरिंग नवे. अण्णा रोज सकाळी बसनं तिकडे जायचे आणि संध्याकाळपर्यंत एका स्टुलावर बसून राहायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते. मेस्त्री काम करत होते आणि अण्णा नुसते त्यांच्या हातांकडे बघत होते. मला ते बघवलं नाही. डबा ठेवून मी लगेच निघाले.

शनिवारी मेस्त्रींच्या घरात लग्न होतं. दुपारी ते निघाले तेव्हा डिझेलचा पंप तेवढा बसवायचा राहिला होता. अण्णा म्हणाले, तुम्ही जा, पंप मी बसवतो, रस्त्यात कितीदा बसवलाय. मेस्त्री लग्न उरकून अंधार पडता पडता परत आले, त्यांनी नळ्या जोडल्या, ऑइल-पाणी भरलं आणि सुरू करायचं सकाळवर ठेवलं. अण्णा घरी आले ते कोपरापर्यंत काळे होऊन. आंघोळीच्या आधी एकदा आणि जेवताना एकदा, असं दोनदा त्यांनी आईला सांगितलं, "आज पंप मी बसवला." वर्षभरात मी त्यांना इतकं जेवताना पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठला मी आणि अण्णा शेडमध्ये हजर. साहेबांना मी साडेनऊची वेळ दिली होती. ड्रायव्हर नव्हताच, त्यामुळे गाडी मेस्त्रीच चालवणार होते. ते इंजिनापाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, वर बसा, मी सांगेन तेव्हा सेल्फचं बटण दाबा. मी साडी सावरत केबिनमध्ये चढले.

"मार!"

मी बटण दाबलं. घर्र... घर्र... आणि बंद. एखाद्याला झोपेतून उठवावं आणि त्यानं कूस बदलावी, तेवढंच.

"नवीन बांधलंय, टाइट आहे," अण्णा खालून म्हणाले.

मेस्त्रींनी बॅटरीच्या वायरी हातानं चाचपल्या. मग वाकून चेसिसपाशी गेले. इंजिनाची अर्थिंगची पट्टी नव्या रंगावरच बसली होती, त्यामुळे करंट नीट फिरत नव्हता. त्यांनी रंग खरवडला, पट्टी आवळली. पुन्हा "मार!" आता इंजिन चांगलं गरगरलं. पण नुसतंच गरगरलं. मेस्त्री मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहिले. धूर काहीच नव्हता.

"डिझेल आ नै रा," ते म्हणाले.

म्हणजे नळ्यांमध्ये हवा. ती काढायला फिल्टरपाशी एक छोटा हातपंप असतो. मेस्त्री तो दाबत राहिले, वरच्या स्क्रूतून फेस येत राहिला. फेस, बुडबुडे, फेस. मी केबिनमधून घड्याळ बघत होते. नऊ वाजून पाच. अखेर स्वच्छ डिझेल आलं. मग नोजलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे, मी सेल्फ मारायचा, डिझेल उडालं की नट आवळायचा. चार नोजल झाले, पाच झाले, सहा झाले.

"मार!"

इंजिन फिरलं. मागून पांढरा धूर निघाला. शेडभर कच्च्या डिझेलचा वास सुटला, डोळे चुरचुरले. आणि एकदम एअर फिल्टरमधून "ठो" असा उलटा आवाज आला. मी बटणावरचं बोट काढलं.

मला वाटलं, आता होणार. धूर आला म्हणजे आग धरणार. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मेस्त्री इंजिनाशेजारी निश्चल उभे होते. हातातला पाना तसाच. त्यांनी एकदा पंपाकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं आणि नजर वळवून फडक्याला हात पुसू लागले.

"अब क्या?" मी विचारलं.

"देखता हूँ," ते म्हणाले.

त्यापुढचा दीड तास मला आजही आठवला की पाय हलायला लागतो. मेस्त्री काम करत होते, पण ते काम पुढे सरकत नव्हतं. फिल्टर खोलला, फुंकला, परत लावला. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारून बघितला. एक नोजल काढला, पुसला, परत बसवला. आणि मध्ये मध्ये अण्णांना काही ना काही सांगायचे. "अण्णा, जरा जाको चाय पीको आव ना." अण्णा नको म्हणाले. "अण्णा, जे.सी. रोडकू जाको एक फिल्टर लेको आते क्या?" अण्णा म्हणाले, आज रविवार, कुठलं दुकान उघडं असेल? "अण्णा, धूप लग रही, अंदर बैठो." अण्णा पंपाच्या बाजूलाच उभे.  उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं चोळत राहिलेले.

मी दोनदा धावत जाऊन कोपऱ्यावरच्या कॉइन फोनवरून ऑफिसला फोन केला. पहिल्यांदा साहेब म्हणाले, "हरकत नाही, हमाल आलेत, आम्ही खोकी खाली उतरवून ठेवतो." दुसऱ्यांदा त्यांचा आवाज बदलला होता. "अहो, सगळं फूटपाथवर आहे. मॉनिटर उन्हात आहेत. दोन हमाल निघून गेले. मला खरं काय ते सांगा, लॉरी येतेय की नाही? नाहीतर मी दुसरी बघतो."

"येतेय सर. दहा मिनिटं."

दहा मिनिटं कुठून आणणार होते मी? रविवारी ऐन वेळी दुसरी लॉरी त्यांनाही मिळाली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. परत येताना चपलेचा पट्टा तुटला. ती हातात घेऊन मी शेडमध्ये शिरले तर मेस्त्री पुन्हा तोच फिल्टर खोलत होते.

मी ओरडले. आयुष्यात इतक्या वयस्कर माणसावर मी कधी ओरडले नव्हते. "मेस्त्री, हा फिल्टर तुम्ही आत्ताच साफ केला की! तिसऱ्यांदा काय बघताय त्यात? तीन आठवडे गाडी तुमच्याकडे आहे. येत नसेल काम तर सांगा, माझी नोकरी का घालवताय?" निम्मं मराठी, निम्मं कन्नड, जे तोंडाला येईल ते. शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

मेस्त्रींनी फिल्टर खाली ठेवला. अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांची मान खाली होती. मेस्त्री मला पाण्याच्या पिंपाशी घेऊन गेले. हात धुवायच्या निमित्तानं वाकले आणि हळूच म्हणाले, "बेटी, तुम्हारे अप्पाकू आधा घंटा बाहर लेको जाव."

"क्यों?"

"लेको जाव. गाडी चालू होती."

"अहो, पण झालंय काय?"

त्यांनी ओले हात झटकले. "इंजिन का चक्का दो बार घूमता तो पंप एक बार घूमता. निशान दो बार आती. एक सच्ची, एक झूटी." तेवढंच बोलून ते परत गेले.

मी तिथंच उभी राहिले. लॉरीवाल्याची मुलगी, तेवढं मला कळत होतं. पंप बसवताना इंजिनाच्या चाकावरची खूण समोर आणावी लागते. ती दर फेरीला समोर येते. पण एका फेरीला पहिल्या पिस्टनवर आग धरायची वेळ असते आणि दुसऱ्या फेरीला नुसता धूर बाहेर टाकायची. खोट्या खुणेवर पंप बसवला तर डिझेल येतं, पण नको त्या वेळी येतं. पांढरा धूर होऊन निघून जातं. पंप शनिवारी कुणी बसवला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि सकाळपासून मेस्त्री त्यांना चहाला का पाठवत होते, तेही.

मी अण्णांपाशी गेले. "अण्णा, मला चक्कर येतेय. सकाळपासून पोटात काही नाही. चला ना, कॉफी घेऊ." खोटं बोलताना माझा आवाज मलाच ओळखू येईना. पण अण्णा लगेच निघाले.

रस्त्यापलीकडे एक उभं राहून खायचं हॉटेल होतं. मी दोन कॉफी आणि इडली घेतली. अण्णांनी कॉफीचा पेला समोर ठेवला, हात लावला नाही. मी शेडकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे त्यांचं तोंड तिकडे होणार हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांना सगळं समोर दिसत होतं.

"टॅपेटचं झाकण काढतोय तो," अण्णा म्हणाले.

मी इडलीची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"पांढरा धूर आला तेव्हाच मला कळलं. मी झाकण न काढता, वॉल्व न बघता पंप बसवला. खूण समोर आली, मला वाटलं आलीच. वाकून बघायला हाताचा टेकू लागतो. टेकू घ्यायचा कंटाळा केला मी."

"मग सकाळीच सांगायचं ना, अण्णा." माझ्या आवाजात राग होता. दीड तास मी रस्त्यावरून धावत होते आणि या दोघांनाही ठाऊक होतं.

"तोंड उघडेना गं." ते पेल्याकडे बघत होते. "काल तुझ्या आईला दोनदा सांगितलं होतं." त्यांनी पुन्हा शेडकडे बघितलं. "तू त्याला बोललीस ना, काम येत नाही म्हणून... चाळीस वर्षांत त्याला असं कुणी बोललं नसेल. आणि तो गप्प उभा राहिला. माझ्यासाठी."

मग ते एकदम निघाले. कॉफी तशीच. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, मी मागून "अण्णा, थांबा" म्हणत पळाले. ते लंगडत लंगडत पलीकडे पोहोचलेसुद्धा.

मेस्त्री पंपाच्या कपलिंगचे बोल्ट सोडत होते. अण्णांना बघून त्यांचे हात थांबले. चोरी करताना पकडल्यासारखे दिसले ते.

"मेस्त्री," अण्णा म्हणाले, शेजारच्या शेडमध्येही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "पंप मी चुकीचा बसवला. तुमचं काम बरोबर आहे."

"हौ, मालूम है," मेस्त्री म्हणाले. "अब आको हाथ लगाव. खडे नक्को रहो."

पुढचं सगळं भराभर झालं. मेस्त्रींनी एक लांब दांडा इंजिनाच्या पुढच्या पुलीला लावला. इंजिन हातानं फिरवायचं होतं, पंप तसाच ठेवून. नवं बांधलेलं इंजिन, हलायला जड. अण्णांनी उजव्या हातानं दांडा धरला आणि अंगाचा भार टाकला. मला मेस्त्रींनी टॉर्च देऊन गाडीखाली पाठवलं. इंजिनाच्या चाकावरच्या खिडकीतून खूण दिसली की ओरडायचं. मी फरशीवर आडवी झाले. डोक्यावर ऑइल ठिबकत होतं.

"येतेय... येतेय... आणखी स्वल्प... सरी, थांबा!"

मेस्त्री टॅपेटपाशी गेले, बोटांनी पहिल्या पिस्टनचे दोन्ही वॉल्व हलवून बघितले. दोन्ही मोकळे. म्हणजे ही खूण खरी. मग त्यांनी अण्णांना बोलावलं आणि त्यांचं बोट धरून तिथं ठेवलं. अण्णांनीही हलवून बघितलं. मान हलवली. त्यानंतरच मेस्त्रींनी कपलिंग आवळलं.

एव्हाना गाडीची बॅटरी उतरली होती. शेजारच्यांनी, ज्यांच्यासमोर मी तमाशा केला होता त्यांनीच, आपल्या लॉरीची बॅटरी काढून आणून जोडली. मी पुन्हा वर चढले.

"मार!"

इंजिनानं दोन गिरक्या घेतल्या आणि धडाडलं. पत्रे थरथरले. पांढरा धूर काळा झाला, मग निळसर, मग विरळ. मी बटणावरचं बोट काढायला विसरले तेव्हा मेस्त्री खालून ओरडले. अण्णा रेडिएटरला हात लावून उभे होते, डोळे मिटून, आवाज ऐकत.

आनंद करायला वेळ नव्हता. साडेअकरा वाजून गेले होते. तिघंही केबिनमध्ये बसलो. नवं इंजिन तापू द्यायचं नाही, म्हणून मेस्त्री गाडी तिसाच्या वर नेईनात. मोपेडीसुद्धा आम्हाला मागे टाकत होत्या. दर सिग्नलला मी पुढे झुकायची, जणू मी ढकलल्यानं गाडी पळणार होती. जयनगरला साहेब फूटपाथवर खोक्यांच्या मध्ये छत्री धरून उभे होते. छत्री स्वतःवर नाही, मॉनिटरवर.  माझ्या साडीवरचं ऑइल आणि हातातली चप्पल बघून म्हणाले, "चला, भरू." कमी पडलेल्या हमालांच्या जागी कंपनीतली इंजिनिअर पोरं लागली.

होसूर रोडला रेडिएटर दोनदा तपासायला थांबलो. इलेक्ट्रॉनिक सिटीत पोहोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. सामान उतरून, टेबलं लागून, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत उन्हं कलली. दोन मॉनिटर चालले नाहीत. उन्हानं की धक्क्यानं, कळलं नाही. त्याचं साहेबांनी नंतर मला दोन महिने ऐकवलं. पण सोमवारी गिऱ्हाईक आलं आणि मी दाराशी नव्या खुर्चीवर होते.

रविवारी संध्याकाळी नमाजाच्या वेळेला मेस्त्रींनी मला विचारलं, पश्चिम कुठली? मी खिडकीतून दाखवली. ऑफिसातल्या एका रिकाम्या खोलीत त्यांनी पुठ्ठा अंथरला. अण्णा दाराबाहेर जाऊन उभे राहिले. कुणी खोकं घेऊन तिकडे वळलं की हातानं खूण करून त्याला दुसरीकडे पाठवायचे. मीही शेजारी उभी राहिले. सकाळपासून पहिल्यांदा आम्ही दोघं काही न करता उभे होतो, आणि मला ते जमत नव्हतं.

मेस्त्री बाहेर आले. मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेले तर ते दोन पावलं मागे सरले.

"मेस्त्री, सकाळी मी जे बोलले..."

"तुम नै बोलते तो," त्यांनी अण्णांकडे हनुवटीनं दाखवलं, "ये नै बोलते थे. मैं श्याम तक फिल्टर धोते बैठता था."

अण्णा हसले. मला हसू आलं नाही. मला रडू यायला लागलं, आणि ते दोघं म्हातारे घाबरून एकमेकांकडे बघायला लागले. मग मेस्त्री म्हणाले, इंजिन थंड झालंय का बघून येतो. आणि अण्णा म्हणाले, मीपण येतो.